काकाची टाळी मागे का पडते?

आमच्या घरी गणपतीत दोन गोष्टी ठरलेल्या. आरतीच्या ऐन वेळी कापराची डबी सापडत नाही, आणि न्यू जर्सीतल्या काकाची टाळी चुकते.

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो तिकडे गेल्यापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. नाशिकच्या घरी हॉलमध्ये मखर लागलं की कॉम्प्युटरचं टेबल ओढत मखरासमोर आणायचं, वायरी कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून सतरंजीखाली सरकवायच्या, वेबकॅम कपड्यांच्या चिमट्याने पडद्याच्या डोक्यावर बसवायचा आणि संध्याकाळी साडेसातला कॉल लावायचा. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. काका वरून झब्बा आणि खालून ऑफिसची पँट अशा वेशात आरतीला उभा राहतो, हे तो एकदा निरांजन आणायला गेला तेव्हा आम्हाला कळलं. मोबाइलवर का नाही करत, असं विचाराल, तर त्याचं उत्तर आजीकडे आहे. तिला "सगळे एकदम, मोठे दिसले पाहिजेत."

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती सुरू झाली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला काकाचा आवाज मागे पडायला लागला आणि टाळ्या म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या पावसासारख्या, कुठेही, कशाही. आजी म्हणाली, "अरे, तो मागे राहतोय, थांबा जरा त्याच्यासाठी." आम्ही हळू झालो. तर काका आणखी हळू झाला. मग आम्ही आणखी. शेवटी आरती इतकी रेंगाळली की कापूर विझला आणि आरती तशीच अर्धी.

माझी भाची पाचवीत आहे. तिने कमरेवर हात ठेवून पडद्याला विचारलं, "काका, तुला ताल नाहीये का?"

काका म्हणाला, "मला? अगं, तुम्हीच सगळे मागे पडताय!"

आता सांगा, असं कसं होईल? दोन जण धावतायत आणि दोघंही म्हणतायत की दुसरा मागे आहे. वर काकाने आणखी एक तक्रार केली. "आणि घंटा कुणीच का वाजवत नाही?" ज्या पोरीने हात दुखेस्तोवर घंटा बडवली होती, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तेव्हा कोडी दोन. टाळी मागे का पडते, आणि घंटा जाते कुठे?

आधी एक गंमत करून बघू. समजा कॉम्प्युटर नाही, फोन नाही, काही नाही, आणि आपला आवाज हवेतूनच काकापर्यंत पोचवायचाय. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नाशिकपासून न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भागाकार करा. दहा तासांहून जास्त येतात! म्हणजे संध्याकाळी साडेसातला म्हटलेली आरती काकाच्या कानी पोचेपर्यंत आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजून गेले असते. तेही आपला आवाज वाटेत विरला नसता तर. खरं तर तो गल्लीच्या टोकापर्यंतच जेमतेम जातो.

म्हणून आवाजाला आधी वेषांतर करावं लागतं. मायक्रोफोनमध्ये एक पातळसा पडदा असतो. आपण बोललो की तो थरथरतो, आणि त्या थरथरीची वीज होते. कॉम्प्युटर काय करतो, तर ही थरथर पुन्हा पुन्हा मोजतो. आता किती आहे? आता? आता? जुन्या टेलिफोनच्या यंत्रणेत हे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा व्हायचं. आजचे कॉल सहसा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळा मोजतात. जुन्या फोनवर बारीक, तीक्ष्ण आवाज पोचायचेच नाहीत, म्हणून 'स' आणि 'फ' यांची भेसळ व्हायची. तुम्ही 'फणस' म्हणा, पलीकडच्याला 'सणस' ऐकू यायचं आणि तो विचारायचा, कोण सणस?

तर आवाजाचे झाले आकडे. आता हे आकडे एका लांबलचक दोरीसारखे जात नाहीत. कॉम्प्युटर त्यांचे तुकडे पाडतो आणि पाकिटात भरतो. बहुतेक वेळा एका पाकिटात एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज. 'गणपती' हा शब्द सावकाश म्हणायला पाऊण सेकंद लागला तर त्याची सदतीस-अडतीस पाकिटं झाली! पाकीट म्हटलं की नाशिककरांनी कान टवकारायला हवेत. पोस्टाची तिकिटं छापणारा नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ सालचा आहे. शंभर वर्षं झाली त्याला. आपल्या आवाजाच्या पाकिटांना तिकीट लागत नाही, पण पत्ता लागतो. शिवाय प्रत्येकावर अनुक्रमांक असतो आणि ते कधी भरलं त्याची नोंद असते. हे फार महत्त्वाचं, कारण पाकिटं वाटेत रस्ते बदलतात, एकमेकांना मागे टाकतात, काही हरवतातही.

मग हरवलेलं पाकीट परत मागवायचं का? चित्र किंवा पत्र पाठवताना कॉम्प्युटर तेच करतो: "अठरा नंबर आलं नाही, पुन्हा पाठव." बोलण्याच्या बाबतीत मात्र सहसा नाही. लग्नात मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, वधूवरांनी हार घातले, आणि मग एक पाहुणे धापा टाकत आले. त्यांच्या मुठीतल्या अक्षतांचं काय करणार? तसंच उशिरा आलेल्या आवाजाचं. तो अर्धा शब्द आता उच्चारला तर पुढचं सगळं बिघडेल. म्हणून कॉम्प्युटर त्याला सोडून देतो आणि आधीचाच आवाज जरासा ताणून भोक बुजवतो. एखादंच पाकीट गेलं तर आपल्याला कळतही नाही. दहा-वीस गेली की काका यंत्रमानवासारखा बोलायला लागतो.

पाकिटं मागेपुढे येतात म्हणून पलीकडचा कॉम्प्युटर आलेलं पाकीट लगेच फोडत नाही. थोडी जमू देतो. पंगतीत पहिल्या पानावर भात पडला म्हणून कुणी लगेच जेवायला सुरुवात करत नाही ना, तसं. ही वाट पाहणं अगदी क्षणभराचं असतं, पण आपल्या टाळीच्या कोड्यात तो क्षण मोजायचा आहे. लक्षात ठेवा.

आता जरा मागे जाऊ, कारण घंटेचं गुपित जुन्या दिवसांत दडलं आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ला. पुढची काही वर्षं घरी इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम नावाची डबी आधी कूं-कूं करायची, मग किर्र, मग खरखर, आणि लागलं तर लागलं. तोवर घरचा फोन बंद! आत्याबाई तिकडून फोन लावून लावून थकायच्या. परदेशी फोन करायचा तर मिनिटाला पुष्कळ पैसे पडायचे, म्हणून लोक फोनवर बोलायचे नाहीत, ओरडायचे: "बरे आहात? आम्ही बरे आहोत! ठेवतो!" मग इंटरनेटवरून का नाही बोलायचे? कारण त्याला बंदी होती! खरंच. आपल्या देशात इंटरनेटवरून बोलायला सरकारने परवानगी दिली ती १ एप्रिल २००२ला. तारीख बघून हसू नका, ते एप्रिल फूल नव्हतं.

आणि पुढच्याच वर्षी, नाशिकला सिंहस्थ भरला होता, गोदाघाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, गणपती दोन दिवसांवर आले होते, तेव्हा म्हणजे २९ ऑगस्ट २००३ला दूर उत्तरेकडे स्काइप नावाचं सॉफ्टवेअर जन्माला आलं. काढणारे दोघे, एक स्वीडनचा आणि एक डेन्मार्कचा. पण सॉफ्टवेअर लिहिलं एस्टोनियातल्या पोरांनी. एस्टोनिया हा इतका छोटा देश की त्या अख्ख्या देशात आपल्या एका नाशिक शहराहून कमी माणसं राहतात. दोन्हीकडे कॉम्प्युटर, दोन्हीकडे स्काइप, की बोला फुकट. "स्काइपवर ये" हे आमच्या घरात "जेवायला ये" इतकं रुळलं होतं. ५ मे २०२५ला ते बंद झालं. आजीला अजून पटलेलं नाही. ती कुठल्याही कॉलला स्काइपच म्हणते.

तर तेव्हाची अडचण ऐका. टेलिफोनच्या पद्धतीने आवाज पाठवायचा तर सेकंदाला ८,००० मोजमापं, प्रत्येक मोजमापाला आठ शून्य-एक. आठ आठे चौसष्ट, म्हणजे सेकंदाला ६४,००० शून्य-एक. आणि चांगल्यातल्या चांगल्या मोडेममधून जायचे जास्तीत जास्त ५६,०००, तेही तार खूश असेल तर. दप्तर मोठं आणि कप्पा लहान! मग आवाज मावला कसा?

तर आवाज पाठवलाच नाही. आवाजाची कृती पाठवली.

आजीने काकाला पुरणपोळी पाठवायचं ठरवलं तर किती खटपट! डबा, विमान, कस्टम, आणि पोचेपर्यंत पोळी वाळून कडक. त्यापेक्षा तिने कृती सांगितली: डाळ एवढी, गूळ एवढा, वेलदोडा, जायफळ. काकाच्या घरी डाळ आहे, गूळ आहे, पोळी तिथेच होईल. आवाजाचंही तसंच. माणसाचा आवाज कसा तयार होतो? घशातल्या तारा थरथरतात आणि घसा, जीभ, गाल, ओठ मिळून त्या थरथरीला आकार देतात. 'आ' म्हणा, मग 'ई' म्हणा, मग 'ऊ'. तारा त्याच, बदललं ते तोंड. शिवाय तोंड काही क्षणाक्षणाला उड्या मारत नाही, म्हणून आत्तापर्यंतच्या आवाजावरून पुढचा थोडा आवाज कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. मग सगळा आवाज कशाला पाठवायचा? "घसा असा, थरथर एवढी, आणि अंदाज इतका इतका चुकला" एवढंच कळवायचं. पलीकडचा कॉम्प्युटर स्वतःजवळच्या आकड्यांच्या घशातून तो आवाज पुन्हा शिजवतो. चौसष्ट हजारांचं काम आठ हजारांत!

ही युक्ती ज्यांनी घडवली त्यांतलं एक मोठं नाव बिष्णू अटल. कानपूरचा जन्म, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण, आणि १९६१पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत काम. १९६०च्या दशकात त्यांनी आणि मानफ्रेड श्रोडर यांनी हा अंदाज बांधण्याचा मार्ग काढला. जपानमध्ये इताकुरा आणि साइतो हेही त्याच वाटेने निघाले होते. बेल लॅब्ज कुठे होती, माहीत आहे? न्यू जर्सीत! काका ज्या राज्यात बसून आरती म्हणतो तिथेच.

आता घंटेकडे या. कृती कुणाची आहे? माणसाच्या घशाची. घंटेला घसा असतो का? जीभ असते म्हणतात, पण ती वेगळी! पुरणपोळीच्या कृतीत लिंबाचं लोणचं बसवायला गेलं तर जे होईल ते घंटेचं झालं. ती कशीबशी, फुटक्या भांड्यासारखी ऐकू यायची.

पण मग आज तर मोडेम गेले, रस्ते रुंद झाले, घंटेलाही जागा आहे. तरी ती गायब का? कारण आजची सॉफ्टवेअरं जास्त शहाणी झाली आहेत. अतिशहाणी म्हणा हवं तर. ती सतत ऐकत असतात आणि ठरवतात: हे माणसाचं बोलणं, हे ठेवा, ही पंख्याची घरघर, ही मिक्सरची कटकट, हा कुकर, हे पुसून टाका. ऑफिसातल्या मिटिंगसाठी ते बरंच आहे. पण त्यांना घंटा आणि कुकर यांतला फरक कोण सांगणार? झांज, टाळ, घंटा, सगळ्याला एकच न्याय. काही सॉफ्टवेअरांत मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय सेटिंगमध्ये असते. ती शोधून काढायचं काम घरातल्या सर्वांत लहान माणसाला द्यावं, हा माझा अनुभव.

चित्रांचंही थोडं सांगते, कारण कापूर पेटला की काकाला इथलं सगळं चौकटी-चौकटींचं दिसतं. मध्यम बऱ्या व्हिडिओत पडद्यावर सव्वानऊ लाख ठिपके, सेकंदाला तीस चित्रं. जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सहासष्ट कोटी शून्य-एक लागतील. जातात दहा-पंधरा लाख. कारण सॉफ्टवेअर फक्त बदल पाठवतं. मखराची भिंत हलली नाही? मग "भिंत तशीच" एवढंच कळवायचं. पण कापराची ज्योत लवलवते, उदबत्तीचा धूर, फुलं उडतात, हात हलतात. सगळं एकदम बदलतं. तेवढं कळवायला जागा पुरत नाही, मग ते चौकोनाचौकोनात ढोबळ रंग भरून वेळ मारून नेतं.

आता टाळी. पाकिटं नाशिकहून निघाली, मुंबईला गेली, आणि तिथून समुद्रात. हो, समुद्रात! वर नाही, खाली. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते, आणि तिच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू. पाकिटं त्यातून प्रकाशाच्या उघडझापीच्या रूपात जातात. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप, आणि मग अटलांटिक ओलांडून अमेरिका. ३० जानेवारी २००८ला इजिप्तच्या किनाऱ्याजवळ अशा दोन केबली तुटल्या आणि इथे भारतात इंटरनेट मुंगीच्या पायाने चालायला लागलं. तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की आपलं इंटरनेट आकाशातून नाही, समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबलींतून येतं.

पूर्वी मात्र परदेशी फोन आकाशातून जायचे. पुण्याहून नाशिकला येताना नारायणगाव लागतं; तिथून जवळ आर्वीला १९७०च्या दशकात भलीमोठी तबकडी उभी राहिली, विक्रम साराभाईंच्या नावाचं विक्रम भूकेंद्र. बोलणं तिथून छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे आणि तेवढंच खाली. या वरखाली जाण्यातच पाव सेकंद जायचा. म्हणून जुन्या फोनवर दोघं एकदम "हॅलो" म्हणायचे, एकदम गप्प व्हायचे, आणि पुन्हा एकदम "हॅलो".

समुद्रातला रस्ता त्यापेक्षा जवळचा. पण वळणावळणाचा म्हणून वीसेक हजार किलोमीटर धरू. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. करा हिशोब: एक दशांश सेकंद. त्यात पाकीट भरायचा वेळ, पंगतीत वाट पाहायचा वेळ, पाकीट फोडायचा वेळ धरला की झाले साधारण दोन दशांश सेकंद.

दोन दशांश म्हणजे किती, हे नाशिककराला सांगायला नको. मिरवणुकीत ढोलपथक लांब असताना बघा. टिपरू ढोलावर पडतं, आणि 'धम्म' जरा नंतर येतं. पथक सत्तर मीटर लांब असेल तर ते 'जरा' म्हणजे जवळजवळ दोन दशांश सेकंद. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं! साडेबारा हजार किलोमीटरवरचा काका आपल्या कानाला फक्त सत्तर मीटरवर, गल्लीच्या टोकाशी उभा आहे.

बोलायला तेवढं चालतं. आरतीला नाही चालत. आपण टाळी वाजवली. काकाला ती दोन दशांश उशिरा ऐकू आली. त्याने अगदी तिच्यावर टाळी दिली, कणभरही चूक नाही. ती आपल्यापर्यंत यायला आणखी दोन दशांश. एकूण चार. आरतीत टाळ्या अर्ध्या अर्ध्या सेकंदाला पडतात. म्हणजे त्याची टाळी आपल्या पुढच्या टाळीच्या उंबऱ्यावर येऊन आपटली. आता आपण काकाच्या तालावर वाजवू म्हटलं, तर तिकडे आपली टाळी तितकीच उशिरा पोचणार. दोघंही खरं बोलत होते! आणि आजीचं ऐकून दोघंही एकमेकांसाठी थांबायला लागले, म्हणून आरती कापूर विझेपर्यंत रेंगाळली.

भाची म्हणाली, "मग भारी कॉम्प्युटर आणू." आणू. पाकिटं भरणं, फोडणं, वाट पाहणं, सगळं उरकेल. पण तो एक दशांश सेकंद उरणारच, कारण तो कॉम्प्युटरचा नाही, प्रकाशाचा आहे. पुण्याच्या मावशीबरोबर टाळी जमण्याच्या जवळ जाईल. न्यू जर्सीबरोबर नाही.

खरं वाटत नसेल तर दोन कॉम्प्युटरांवर घरातल्या घरात कॉल लावा. एक या खोलीत, दुसरा त्या. एकाने टाळी वाजवायची आणि तुम्ही मधल्या दारात उभं राहायचं. एक टाळी हवेतून येईल, दुसरी कॉम्प्युटरमधून. मधली फट ऐका. दोन्ही एकाच खोलीत मात्र ठेवू नका. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये, तो पुन्हा स्पीकरमध्ये, अशी फुगडी सुरू होऊन घर डोक्यावर घेणारी शिट्टी वाजते. आमच्या मांजराने तेव्हापासून त्या टेबलाला वाळीत टाकलं आहे.

उपाय भाचीनेच काढला. एका घराने म्हणायचं, दुसऱ्याने फक्त साथ द्यायची. जो साथ देतो त्याच्या घरी आरती अगदी एकत्र होते, कारण त्याला जे ऐकू येतं त्यावरच तो गातो. पुढे म्हणणाऱ्याने मात्र आपला स्पीकर बंद ठेवायचा आणि दुसऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही. एका वर्षी ते पुढे, एका वर्षी आपण. चिठ्ठी टाकली. या वर्षी काका पुढे.

साडेसातला कॉल लागला. काकाने सुरुवात केली, आम्ही मागून, आणि टाळ्या काय जुळल्या! आजीने डोळे मिटले. तिसऱ्या कडव्याला पडद्यावर काकू टॉवेल घेऊन आली आणि छताकडे बघत तो गरागरा फिरवायला लागली. काका गातोय, काकू टॉवेल फिरवतेय. "नाचतेय का ही?" आजीने एक डोळा उघडून विचारलं. कापराच्या धुराने तिकडच्या घरातला आगीचा भोंगा केकाटत होता म्हणे, शेजारी दारात आले होते. आम्हाला तो अजिबात ऐकू आला नाही.

"आत्या," भाची माझ्या कानात कुजबुजली, "माझी घंटा जिथे गेली ना, तो पण तिथेच गेला."